न्येपीचा व्हिडिओ आणि आपले स्पीकर

आमच्या सांगलीकर नातेवाइकांच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच व्हिडिओ आला. न्येपीच्या दिवशीचा बालीचा विमानतळ: धावपट्टी मोकळी, रस्त्यावर चिटपाखरू नाही, दुकानांची शटर खाली. मावसभावाने खाली लिहिलं होतं, "एवढंसं बेट सणासाठी विमानतळ बंद ठेवतं आणि आपल्याकडे रात्रीचे दहा वाजले की पोलीस स्पीकर बंद करायला येतात." त्याखाली हात जोडणाऱ्यांची रांग. गणपती जवळ आले की हा वाद आपल्याकडे निघतोच, पण त्यात बालीला साक्षीला उभं केलेलं पाहिलं की माझं डोकं फिरतं. मी बालीतल्या उबुदमध्ये एका हॉटेलच्या ऑफिसात काम करते, आणि दर वर्षी न्येपी पाळते. गप्प बसण्याचा सण आवाजाच्या बाजूने कधीपासून बोलायला लागला?

न्येपी हा इथल्या शक वर्षाचा पहिला दिवस. शक तोच, आपल्या पंचांगावर छापलेला. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत विस्तव आणि दिवे, काम, बाहेर पडणं, करमणूक, चारही बंद. जावाहून गिलिमानुक बंदराला येणारी फेरी बंद, टीव्ही-रेडिओ बंद, २०१८ पासून मोबाइलचा डेटाही बंद. दवाखाने तेवढे चालू. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र नेसलेले पेचालांग, म्हणजे गावाचे राखणदार, रस्त्याने फिरत असतात. कुठे उजेड दिसला तर फाटकाशी येऊन सांगतात. आदल्या दिवशी हॉटेलातल्या प्रत्येक खोलीचे जाड पडदे नीट ओढले जातात का, ते मी स्वतः फिरून बघते.

मावसभावाने बंद विमानतळ पाहिला, बंद चूल पाहिली नाही. हे बेट पर्यटनावर जगतं, आणि हीच माणसं एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडतात. नियमाचा पहिला जाच पाळणाऱ्यालाच होतो. आपल्याकडच्या स्पीकरचा जाच कुणाला होतो? खालच्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळाला, दहावीच्या पोराला, बायपास झालेल्या काकांना. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा एवढंच शांत राहायला सांगतात, आणि वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत बारापर्यंतची सूट द्यायची मुभाही राज्याला आहे. म्हणजे आठ तास. त्यातही सूट. इथे चोवीस तास आहेत आणि दोन तासांची सूट द्या म्हणून कुणी मोर्चा काढल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आता मावसभाऊ म्हणेल, न्येपीच्या आदल्या रात्री तिथेही दणदणाट असतोच की. असतो. त्या रात्री गावोगावची तरुण मुलं ओगोह-ओगोह खांद्यावर घेऊन निघतात. सुळे बाहेर आलेले, डोळे वटारलेले अजस्र राक्षस. बांबूच्या कामट्या विणून, कागद चिकटवून पोरं ते महिनोन्‌महिने करत असतात. मध्यंतरी थर्माकोल फार शिरला होता, मग सरकारने आणि गावांनी तो मागे ढकलला. आपण प्लास्टर ऑफ पॅरिसवर अजून भांडतोच आहोत. ओगोह-ओगोहची प्रथाही काही पुराणकाळची नाही, १९८० च्या दशकात ती बेटभर पसरली. नवी प्रथा चांगली घडवता येते हे मला इथे समजलं. चौकात राक्षसाला गरागरा फिरवतात, झांजा-घंटांचा बेलेगांजूर, म्हणजे मिरवणुकीचा ताफा, कानठळ्या बसवतो, आणि माझ्या अंगावर सांगलीत विसर्जनाला यायचा तोच काटा येतो. ढोल-ताशा माझ्या रक्तात आहे. पण तो आवाज माणसाच्या मनगटातून निघतो, मनगट दमलं की थांबतो. ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत दमत नाही. आणि इथली तीच पोरं सकाळी सहाला घरात मुकाट बसलेली असतात.

२०२३ साली न्येपी आणि पाडवा एकाच दिवशी आले, २२ मार्चला. नेहमी असं होत नाही, अधिक महिन्याचा हिशोब वेगळा पडतो. २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला होती आणि पाडवा ९ एप्रिलला. २०२३ च्या त्या पाडव्याच्या पुरणपोळ्या मी आदल्या दिवशीच करून ठेवल्या. गुढीचं काय करायचं ते कळेना, म्हणून शेजारच्या इबूंना, म्हणजे बाईंना, विचारलं. त्यांनी बंजारच्या, म्हणजे वाडीच्या, प्रमुखांना विचारलं. निरोप आला: आवारात उभारा, रस्त्यावरून दिसू देऊ नका, दिवा-उदबत्ती नको. मागच्या पडवीत काठीला खण, कडुलिंबाऐवजी दारातला आंब्याचा डहाळा, वर तांब्या. निरांजन न लावता हात जोडले. डोंबिवली-गिरगावच्या शोभायात्रांचे फोटो दुसऱ्या दिवशी डेटा आल्यावर पाहिले आणि सगळे नऊवारीत, फेट्यात बघून मला रडू आलं. तेही खरं आहे. त्याच न्येपीला दोन पोलिश पर्यटक समुद्रकिनाऱ्यावर तंबू ठोकून राहिले होते, नियम मानायला तयार नव्हते; त्यांना देशाबाहेर काढलं. मला ते योग्यच वाटलं.

ग्रुपवर दुसरीही एक बाजू आहे, आणि तिचाही मला तितकाच त्रास होतो. वहिनी लिहितात, खरा हिंदू धर्म बालीनेच जपला, आम्ही मैत्रिणी आत्मशुद्धीच्या सहलीला येतोय. या. ऑस्ट्रेलियन लोकांच्या खालोखाल हल्ली आपलेच लोक इथे येतात. पण दर दोनशे दहा दिवसांनी गालुंगान येतो, त्याच्या आदल्या दिवशी घरोघरी डुक्कर कापतात, त्याचं लावार, म्हणजे मांस-भाजीचं कालवण, करतात, नैवेद्यालाही ते असतं. "खरा धर्म" म्हणताना वहिनींना हे चालणार आहे का? तिर्ता एम्पुलचा झरा दहाव्या शतकापासून पवित्र मानला जातो. तिथे रांगेतल्या काही धारा मृतांच्या विधींसाठीच असतात. जिवंत माणसाने त्या सोडून पुढे जायचं. आमच्या हॉटेलातले पाहुणे जायच्या आधी मी हे समजावून सांगते. तरी एकदा पाहिलं, पाण्यात उभ्या असलेल्या दोघीजणी व्हिडिओ नीट येईना म्हणून धार सोडेनात, आणि मागे डोक्यावर पूजेची टोपली घेतलेल्या आजी थंड पाण्यात कमरेपर्यंत उभ्या. त्या काही बोलल्या नाहीत. मी बोलले, मराठीत, कारण त्या दोघी आपल्याकडच्याच होत्या.

सहलीच्या पॅकेजमध्ये योगासनं असतात, कोको पिण्याचा समारंभ असतो, वाडग्यांचे नाद असतात. इबूंची सकाळ त्यात नसते. नारळाच्या कोवळ्या झावळीचे तुकडे बांबूच्या चोयट्यांनी टोचून त्या चानांगच्या, म्हणजे रोजच्या नैवेद्याच्या, परड्या करतात. पांढरं फूल पूर्वेला, लाल दक्षिणेला, पिवळं पश्चिमेला, निळं उत्तरेला, मग चिमूटभर भात. रोज. देवघरात, चुलीजवळ, उंबऱ्यात, स्कूटरवरसुद्धा. देवळाचा उत्सव आला की बंजारचा लाकडी कुलकुल वाजतो आणि माणसं पाठोपाठ घराबाहेर पडतात, मंडप बांधायला, भाज्या चिरायला. मजुरी नाही. गैरहजर राहिलं तर दंड, आणि फारच ताणलं तर वाळीत टाकण्यापर्यंत गोष्ट जाते. आमच्या हॉटेलातली मुलं या कामासाठी रजा मागतात तेव्हा वेळापत्रक लावताना माझ्या नाकी नऊ येतात, पण रजा नाकारायची मला हिंमत होत नाही.

कुलकुल वाजला की मी मात्र घरातच असते. बाहेरून आलेल्यांनी द्यायचे पैसे मी बंजारला देते, पावती घेते, पण बंजारच्या सभासदांच्या यादीत माझं नाव नाही आणि येणारही नाही. इबू प्रसाद आणून देतात, लग्नाला बोलावतात, पण भाजी चिरायला बोलावत नाहीत. इथल्या शिस्तीचं इतक्या मोकळेपणाने कौतुक मला करता येतं, कारण तिचा भार माझ्या डोक्यावर नाही. हे मला कळतं आणि आत कुठेतरी लागतं. मला यादीत नाव हवं आहे. कुणीतरी माझ्या दारावर थाप मारून "चल, मोदकांना नारळ खवायचेत" म्हणावं असं वाटतं, आणि तसं म्हणणारी माणसं सांगलीत आहेत.

म्हणूनच त्या व्हिडिओवर मी गप्प बसले नाही. या वर्षीची वर्गणी पाठवताना मंडळाच्या अध्यक्षांना लिहिलं: ढोलपथकाचा खर्च लागेल तेवढा करा, कमी पडलं तर माझ्याकडून घ्या, पण स्पीकरची भिंत आमच्या गल्लीत उभी करू नका. मावसभावाने लगेच लिहिलं, बालीत बसून तू आम्हाला सांगू नकोस, तुझा काय संबंध? आई त्याच गल्लीत राहते, दादा. तिची खोली रस्त्याच्या बाजूची आहे. आणि वर्गणीच्या पावतीवर नाव माझं आहे.