सेल्टिक गाठ ड्रुइडांची नव्हे

एक पोस्ट सध्या हातोहात पुढे जातेय. एकमेकींत गुंतलेल्या पट्ट्यांच्या गाठीचं चित्र आणि खाली मजकूर: ‘ही ड्रुइड पुरोहितांची पाच हजार वर्षं जुनी गुप्त लिपी. प्रत्येक गाठीचा अर्थ ठरलेला. परक्याचा स्पर्शही न झालेली आयरिश ओळख ती हीच.’ ड्रुइड म्हणजे प्राचीन सेल्टिक लोकांचे पुरोहित. मला ही कला फार प्रिय आहे, म्हणूनच हे खोडून काढायला हवं.

पाच हजार वर्षं म्हणताना बहुधा आयर्लंडमधल्या न्यूग्रेंज या प्राचीन थडग्याच्या दगडावरचं तिहेरी सर्पिल डोळ्यांपुढे असतं. ते इ.स.पू. ३२००च्या सुमाराचं, नवाश्मयुगातल्या शेतकऱ्यांनी कोरलेलं. ज्या शैलीला सेल्टिक म्हणतात ती इ.स.पू. पाचव्या शतकात युरोपच्या मुख्य भूमीवर उदयाला आली. स्वित्झर्लंडमधल्या ला तेन या ठिकाणावरून तिला नाव मिळालं. तिच्यात वेली आणि भोवरे आहेत, पण पोस्टमधली ती सलग विणलेली गाठ नाही.

गुप्त लिपीचं म्हणाल तर ड्रुइड आपली शिकवण लिहून ठेवत नसत, असं खुद्द रोमन सेनानी सीझरने नोंदवलंय. आयर्लंडची जुनी लिपी ओघम. दगडाच्या कडेवरच्या त्या रेघा आज वाचता येतात, आणि त्यांतून बहुतेक माणसांची नावं निघतात. ‘ही गाठ प्रेमाची, ती शौर्याची’ असं सांगणारं एकही जुनं हस्तलिखित नाही.

सगळ्यात जास्त खटकतो तो ‘परक्याचा स्पर्श’. विणलेल्या पट्ट्यांची नक्षी रोमन फरशांवर आधीपासून होती. एकमेकांना चावणारे, गुंतलेले प्राणी जर्मानिक सोनारांकडून आले. इंग्लंडमधल्या सटन हू इथे १९३९मध्ये सापडलेला सोन्याचा बक्कल बघा, तो अँग्लो-सॅक्सन, म्हणजे इंग्लंडमध्ये वसलेल्या जर्मानिक लोकांचा आहे. सातव्या शतकापासून ख्रिस्ती मठांतल्या लेखनिकांनी हे सगळं जुन्या भोवऱ्यांशी जोडलं. इ.स. ८००च्या आसपासचं ‘बुक ऑफ केल्स’ म्हणजे वासराच्या कातड्यावर लिहिलेली लॅटिन शुभवर्तमानं! आयर्लंडमधल्या ११२३च्या काँगच्या क्रॉसवर तर व्हायकिंग धाटणीचे प्राणी आहेत. या लेखनिकांचं आणि कारागिरांचं श्रेय काढून ते कुणा काल्पनिक पुरोहिताला देणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि ही ओळख अखंड चालत आली का? आयरिश आणि वेल्श भाषांचं नातं दाखवून त्यांना ‘सेल्टिक’ हे नाव रूढ केलं ते एडवर्ड लुइडच्या १७०७च्या ग्रंथाने. ‘तारा ब्रोच’ हा कपड्याला लावायचा प्रसिद्ध जुना दागिना १८५०मध्ये मीथ परगण्यात समुद्रकिनाऱ्यालगत सापडला. जुन्या राजांच्या तारा टेकडीचं नाव त्याला डब्लिनच्या एका जवाहिऱ्याने दिलं आणि त्याच्या प्रतिकृती विकल्या. लोकांनी त्या हौसेने अंगावर मिरवल्या. त्याच शतकात वलयाचे जुने दगडी क्रॉस पुन्हा कबरींवर उभे राहू लागले, समुद्रापारही. कॅनडातल्या ग्रोस इल बेटावर १८४७मध्ये, दुष्काळातून निघालेली हजारो आयरिश माणसं तापाने मेली. त्यांच्यासाठी १९०९मध्ये तिथल्या कड्यावर उंच सेल्टिक क्रॉस उभारला गेला.