सात रुपयांत हल्ली काय येतं?

शेअर बाजारात नव्याने उतरताय? मग आधी ॲपमध्ये चाळणी लावा: दहा रुपयांच्या आतलेच शेअर दाखव. तुमच्या दहा हजारांत एमआरएफच्या शेअरचा कोपरासुद्धा येत नाही. इथे हजार शेअर येतात, हजार! सासुरवाडीत सांगायला आकडा कसा भरभक्कम वाटतो.

"कंपनीचे एकूण शेअर किती?" असं कोणी विचारलं तर विषय बदला. गावाकडे जमीन घेताना "पाच लाखांत देतो" एवढ्यावर तुम्ही इसार देत नाही. किती गुंठे, वाट कुठून, सातबाऱ्यावर कोणाची नावं, सगळं उकरून काढता. पण ती जमीन झाली. इथे नुसता सात कळला तरी पुरे, बारा काय ते पुढे वाजतीलच.

एका हिशेबी गृहस्थाने माझं डोकं खाल्लं होतं. जून २०२३ मध्ये एमआरएफच्या शेअरने १ लाखाचा टप्पा ओलांडला, तेव्हा व्होडाफोन आयडियाचा शेअर सात-आठ रुपयांना मिळत होता. गृहस्थ म्हणाले, एमआरएफचे शेअर जेमतेम ४२ लाख, व्होडाफोन आयडियाचे ४,८०० कोटींहून जास्त. गुणाकार करा. अख्खी एमआरएफ ४२ हजार कोटींच्या आसपास आणि तुमची 'स्वस्त' कंपनी ३५-४० हजार कोटींची! त्यात २०२२-२३ मध्ये पहिलीला साडेसातशे कोटींवर नफा आणि दुसरीला २९ हजार कोटींवर तोटा. मी शांतपणे विचारलं, "पण एक लाख मोठे की सात?" गृहस्थ गप्प. गणितात मी शाळेपासूनच पक्का.

मग पीई. नाव ऐकून मला पीटीचे सर आठवले, पण तो निघाला भागाकार: शेअरचा भाव भागिले एका शेअरमागचा वर्षाचा नफा. पीई २० म्हणजे वर्षाला एक रुपया कमावणाऱ्या शेअरसाठी तुम्ही वीस रुपये मोजताय. तो त्याच धंद्यातल्या इतर कंपन्यांशी ताडून बघावा म्हणतात. एवढा उपद्व्याप हवाय कशाला? तोट्यातली कंपनी घ्या, पीईच्या जागी नुसती रेघ दिसते. ज्याला पीईच नाही तो शेअर महाग म्हणणार तरी कसा?

तरीही कोणी वाद घातलाच तर एलसिडचं नाव फेका. २९ ऑक्टोबर २०२४ ला हा शेअर ३ रुपये ५३ पैशांवरून थेट २,३६,२५० वर गेला. पुढचं मात्र सांगू नका. कंपनीचे शेअर सगळे मिळून २ लाख, म्हणजे जुन्या भावाने अख्खी कंपनी सात लाखांत, एका बऱ्यापैकी मोटारीच्या किमतीत. आणि तिच्या पोटात एशियन पेंट्सचे हजारो कोटींचे शेअर! त्या भावाला कोणी विकायलाच तयार नव्हतं, म्हणून एक्सचेंजने खास लिलाव ठेवला. असले बारकावे सांगितले की उत्साह मावळतो.

मी स्वतः मेव्हण्याच्या टीपवर ४ रुपये २० पैशांचा एक शेअर उचलला. कंपनी काय बनवते हे मेव्हण्याला माहीत नव्हतं, मी विचारलंही नाही. आठवडाभर वर गेला, मी सोसायटीत पेढे वाटले. त्यानंतर रोज लोअर सर्किट, म्हणजे एका दिवसात जितका पडू देतात तितका पडून भाव तिथेच अडकलेला. सव्वानऊला विक्रीची ऑर्डर टाकतो. उजवीकडे विकणारे अडीच लाख, डावीकडे घेणाऱ्यांच्या रकान्यात ओळीने पाच शून्यं. साडेतीनला ऑर्डर रद्द झाल्याचा मेसेज येतो, की चहा टाकायचा.

काल मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, आता तर दीड रुपयावर आलाय. आणखी घेऊन ॲव्हरेज करून टाका, सरासरी भाव खाली येईल."

केला. तीन महिन्यांत माझी पहिलीच ऑर्डर अशी एका क्षणात पूर्ण झाली.