काकांचं आडनाव

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आमच्या जिममध्ये सहा वर्षं रोज सकाळी दिसणाऱ्या माणसाचं आडनाव मला त्यांच्या बेसण्याच्या, म्हणजे निधनानंतरच्या शोकसभेच्या, निरोपातून कळलं. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो.

पंच्याहत्तरी गाठलेली. अडीच किलोचे डंबेल, वीस मिनिटं ट्रेडमिल, झाला व्यायाम. उरलेला वेळ माणसांचा. आल्या आल्या झाडू मारणाऱ्या बेनला गुजरातीत विचारायचे, "बाबानो ताव ऊतर्यो?" बाळाचा ताप उतरला का? मग माझ्याकडे वळून, "आईचा गुडघा काय म्हणतोय?" काल सांगितलेलं त्यांना आज आठवायचं. सगळ्यांचं.

एक मुलगा सीएच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाला. कोणाशी बोलेना. काका त्याच्या बेंचशेजारी जाऊन मोजायला लागले, "आठ... नऊ... साडेनऊ... पावणेदहा..." त्याने बार ठेवला आणि हसत सुटला. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

लहानपणी ते दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब करायचे. १८८० सालापासूनची ती तालीम. त्या तालमीचे गुरू प्रो. माणिकराव यांचं नाव निघालं की काकांचे खांदे आपोआप ताठ व्हायचे. म्हणायचे, "एरंडेल चोळलेल्या खांबावर चढलास की खाली कोणीतरी बघणारं लागतं. तू घसरतोयस हे तुझ्याआधी त्याला कळतं."

मला मनापासून वाटतं, तालमीतून आपण जिममध्ये आलो ते नेमकं हे मागे ठेवून. आता बाजूला घाम गाळणाऱ्याचं बेंच प्रेसचं वजन आपल्याला पाठ असतं, नाव नसतं. कानात इयरफोन असले की विचारायची सोयच उरत नाही. यात मी इतरांना कशाला बोलू? सहा वर्षांत, "काका, तुमच्या घरी कोण कोण असतं?" एवढंही मी विचारलं नाही. हे फार टोचतंय.

बेसण्याला गेलो तेव्हा कुठे बसावं कळेना. नातेवाईक नाही, शेजारी नाही. काकूंना म्हटलं, "मी जिममधला."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "आईचा गुडघा म्हणजे तुम्हीच ना? या महिन्यात ऑपरेशन होतं. कसं झालं?"

काका घरीसुद्धा आमच्याबद्दल बोलायचे तर.

"छान झालं, काकू. परवा जिना चढली."

त्यांनी मान हलवली. मग मी तिथेच सतरंजीवर त्यांच्याजवळ बसलो आणि विचारलं, "तुम्ही सकाळपासून काही खाल्लंत का?"