सिस्टरला ओवाळणी घाला, वाटा देऊ नका

अमेरिकेत हॉस्पिटल चालवायची संधी आली तर दवडू नका. डॉक्टरकी येत नसली तरी चालेल. एवढंच पक्कं ध्यानात ठेवा की नर्स हा खर्च आहे. डॉक्टर, एमआरआय, ऑपरेशन थिएटर, सगळे बिलात आपापली ओळ घेऊन येतात. नर्सला ओळ नसते. रात्रभर जागून तिनं पेशंटचा श्वास मोजला, तर ते जागरण खोलीच्या भाड्यात जमा होतं, चादर, उशी आणि दिवाबत्तीच्या शेजारी. जिची कमाई बिलावर दिसत नाही, तिच्यावर कात्री चालवताना हात थरथरत नाही. वॉशिंग्टनहून मिळणारे पैसे कमी झाले की तुम्ही आधी इथंच बघायचं.

आपल्याकडे नर्सला 'सिस्टर' म्हणतात, हे तिकडच्या मंडळींना कुणीतरी कळवायला हवं. नातं चपखल आहे. भाऊबीजेला ओवाळणी घालायची आणि जमिनीचा विषय निघाला की हक्कसोडपत्र पुढं करायचं. ओवाळणीची तारीखही तिकडे ठरलेली आहे. ६ ते १२ मे, नर्सेस वीक. (१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा वाढदिवस. बाई आकडेमोडीत पक्क्या होत्या, हे त्या दिवशी बोलून दाखवू नका.) पिझ्झा मागवा. दिवसपाळीला गरम, रातपाळीला उरलेला.

आता कमाईचं बघू. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, पूर्वी हॉस्पिटलला झालेला खर्च भरून द्यायचा. १९८३ साली कायदा बदलला आणि आजारागणिक ठोक रक्कम आली. तिला डीआरजी म्हणतात, तुम्ही ताटाचा दर म्हणा. लग्नातला केटरर जे जाणतो तेच इथं लागू आहे. दर ठरलेला असला की नफा पंगत लवकर उठवण्यात असतो. तेव्हा पेशंटला लवकर घरी पाठवा. यात एक गंमत होते. बरे होत आलेले, स्वतः उठून चहा घेणारे निघून जातात, खाटांवर उरतात ते सगळे अवघड. खाटा तितक्याच, सिस्टर तितक्याच. वॉर्ड जड झाला अशी कुरकुर तिनं केली, तर खाटा मोजून दाखवा.

लवकर पाठवलं म्हणून फार खूश होऊ नका. ऑक्टोबर २०१२ पासून हार्ट फेल्युअर, न्यूमोनिया अशा आजारांचे पेशंट तीस दिवसांत प्रमाणाबाहेर परत आले की मेडिकेअर पैसे कापतं, आता ३ टक्क्यांपर्यंत. २००८ पासून आणखी एक नियम आहे. हॉस्पिटलात मोठा बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणारी जखम, झाला किंवा पेशंट पडून हाड मोडलं, तर त्यापायी वाढीव पैसे नाहीत. भाबडा माणूस इथं म्हणेल की मग कूस बदलायला नर्सेस वाढवा. छे! वाढवलेल्या नर्सचा पगार याच महिन्यात दिसतो. न झालेला बेडसोअर कुठल्या ताळेबंदात दाखवणार? त्यापेक्षा कूस बदलल्याची नोंद कॉम्प्युटरवर भरून घ्या. नोंद भरण्यात कूस बदलायची राहिली, तरी नोंद तर झाली.

घरी गेलेल्या काही पेशंटकडे प्रश्नावलीही जाते. नर्सेस आदरानं वागल्या का? नीट ऐकून घेतलं का? 'बहुधा' हे उत्तर तिथं कामाचं नाही, 'नेहमी' असंच हवं. या गुणांवरही पैसे अवलंबून असतात. सिस्टरला हसायला शिकवा, स्वस्तात पडतं.

कंटाळलात तर नर्सिंग होम काढा. आपल्याकडचं बाळंतपणाचं नव्हे, तिकडचं, थकलेल्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं. २०२४ मध्ये सरकारला हुक्की आली आणि नियम काढला की प्रत्येकामागे दिवसाला ३.४८ तास शुश्रूषा हवी, त्यातली किमान ३३ मिनिटं रजिस्टर्ड नर्सची. तेहेतीस मिनिटं! आपल्याकडे दाढीला नंबर लावला तरी याहून जास्त वेळ जातो. पण घाबरू नका. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधल्या फेडरल कोर्टानं नियमाचा गाभाच रद्द केला, आणि जुलैमधल्या मोठ्या अर्थकायद्यानं अंमलबजावणी थेट सप्टेंबर २०३४ अखेरपर्यंत थांबवली. आजी नव्वदीच्या आहेत, थांबतील तोवर.

त्याच कायद्यानं उच्च शिक्षणाच्या सरकारी कर्जालाही मर्यादा घातली. 'प्रोफेशनल' पदवीला एकूण दोन लाख डॉलर, बाकीच्यांना एक लाख. वर्षअखेरीस शिक्षण खात्यानं प्रोफेशनल कोण याची व्याख्या मांडली. तीत डॉक्टर आले, वकील आले, मणके मोडून देणारे कायरोप्रॅक्टर आले, धर्मशास्त्र शिकणारेही आले. नर्सिंग मात्र बाहेर राहिलं. सिस्टरनं कारण विचारलं तर सांगा, तुम्ही वेळेवर पोचला नाहीत तर पुढचं बघायला पाद्री तरी प्रोफेशनल हवा.