‘मॅकच घ्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की नाशिकच्या पालकांच्या ग्रुपवर ॲपलच्या मॅक लॅपटॉपबद्दल एक मेसेज हमखास फिरतो: ‘दिसायला, पैसे वसूल व्हायला आणि सुरक्षेला मॅकच. व्हायरस येत नाही, दहा वर्षं बघावं लागत नाही. विंडोज घेणं म्हणजे पैसे पाण्यात.’ निफाड-दिंडोरीहून मुलांना गंगापूर रोडला शिकायला ठेवणारे पालक असल्या मेसेजवर विसंबून हप्त्यांचं ओझं अंगावर घेतात. म्हणून त्यातलं एकेक विधान तपासायलाच हवं.

‘व्हायरस येत नाही.’ येतो. २०१२ साली फ्लॅशबॅक नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) सहा लाखांच्या आसपास मॅक पोखरले होते. तो जावा या सॉफ्टवेअरमधल्या ज्या फटीतून शिरला, ती जावा बनवणाऱ्या ओरॅकलने फेब्रुवारीतच बुजवली होती, पण ॲपलचा अपडेट यायला एप्रिल उजाडला. मधल्या काळात बाधित वेबसाइट नुसती उघडली तरी पुरत होतं. २०२३ पासून ॲटॉमिक स्टीलर नावाचा दुसरा मालवेअर मॅकमधले पासवर्ड चोरतोय. तो क्रॅक केलेल्या फुकट सॉफ्टवेअरच्या रूपात येतो आणि आपल्याकडूनच पासवर्ड टाकून घेतो. मॅकची अंगची सुरक्षा चांगली आहे, यात वाद नाही. पण विंडोजमध्येही डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीपासून असतोच. आणि वीजबिल थकल्याच्या खोट्या मेसेजवर ओटीपी देऊन बसलात, तर लॅपटॉप कुठल्याही कंपनीचा असो, खातं रिकामं होतं.

खरा धोका अपडेट बंद पडलेल्या मशीनचा आहे आणि त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. सेकंडहँड लॅपटॉप घेताना दुकानातच सेटिंग्जमध्ये जाऊन ‘अबाउट’ उघडायला लावा. आय-फाइव्हपुढे ८२५० दिसलं तर आठवी पिढी, ७२०० दिसलं तर सातवी. सातवी असेल तर स्वस्त मिळतोय म्हणून भुलू नका.

‘दहा वर्षं बघावं लागत नाही’ हेही सरसकट खरं नाही. २०२० चा इंटेलवाला मॅकबुक एअर २०२५ च्या मॅकओएस टाहो या मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टीममधून वगळला गेला. म्हणजे पाचच वर्षं. जुन्या प्रणालीला सुरक्षेचे अपडेट आणखी काही काळ मिळतात, एवढंच. शिवाय एअरची रॅम (काम करतानाची मेमरी) नंतर वाढवता येत नाही. घेताना आठ जीबी घेतली की आठच. बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये रॅम आणि एसएसडी (फाइल साठवण्याची डिस्क) पुढे बदलता येते, पण सगळ्यांत नाही, तेव्हा विचारून घ्या. मॅकला जुन्या बाजारात भाव बरा येतो, हे मात्र कबूल.

डिझाइनचं म्हणाल तर बिनपंख्याचा एअर, त्याचा ट्रॅकपॅड आणि बॅटरी खरोखर उत्तम. पण याच कंपनीचा २०१५ ते २०१९ मधला बटरफ्लाय कीबोर्ड धुळीच्या कणानेही अडकायचा आणि २०१८ मध्ये त्यासाठी मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली होती.

मेसेज लिहिणाऱ्याने कामाचा विचारच केलेला नाही, हा माझा मुख्य आक्षेप. मेकॅनिकलच्या मुलाला यंत्रांचे भाग डिझाइन करायला सॉलिडवर्क्स लागतं, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरीला गेला तरी लागेल. ते विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. सीएकडे आर्टिकलशिप करणाऱ्या मुलीला हिशेबासाठी टॅली लागतं, तेही मॅकवर थेट बसत नाही. व्हिडिओ एडिटिंग किंवा आयफोनचे ॲप शिकायचे असतील तर मॅक जरूर घ्या. कॉलेजकडून आधी सॉफ्टवेअरची यादी मागवा आणि ती हातात घेऊनच दुकानाची पायरी चढा.