किल्ली मिळेल का, किल्ली?

सासऱ्यांनी स्वतःचं घड्याळ माझ्या हाती सोपवलं तेव्हा त्यांचा चेहरा कन्यादानाच्या वेळी होता तसाच होता. म्हणजे देत होते, पण विश्वास नव्हता.

"जावईबापू, एचएमटी जनता आहे. रोज सकाळी चहाच्या वेळी किल्ली द्यायची. घट्ट लागली की थांबायचं."

मी तीन दिवस व्यवस्थित थांबलो. चौथ्या दिवशी घट्ट लागायच्या आतच किल्ली माझ्या चिमटीत आली. तिला तांदळाच्या कणीएवढा गंजका दांडा लटकत होता, उरलेला दांडा घड्याळात.

"बाबांनी तेहतीस वर्षं वापरलं," बायको म्हणाली. पुढचं बोलली नाही. तिला पुढचं बोलावं लागत नाही.

घड्याळही असंतसं नव्हे. एचएमटी या सरकारी कंपनीचा बंगळुरूचा कारखाना 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने उभा राहिला आणि पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. म्हणजे जी किल्ली देश घडवणाऱ्या हातांकडून निघाली, ती माझ्या हातात येऊन मोडली.

पहिल्या घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि विचारलं, "हे आधी कुणी उघडलं होतं?" आवाजात असा सूर, की जणू पोस्टमॉर्टेम चाललंय. "हात नाही, हातोडा चालवलाय." त्यांच्याकडे पार्ट नव्हता. दुसऱ्यांनीही तेच विचारलं, तोच सुस्कारा टाकला, पार्ट त्यांच्याकडेही नव्हता. तिसऱ्यांकडे गेलो तेव्हा त्यांनी दुसऱ्याच्या कामाची लाज काढली. दुसऱ्याने फक्त बघून झाकण लावलं होतं, पण मी गप्प बसलो. घड्याळजी, न्हावी आणि डेंटिस्ट, आपल्या आधीच्या माणसाबद्दल चांगलं बोललेला यांतला एकही मी पाहिलेला नाही.

तिसरे मात्र जाणकार निघाले. त्यांच्या टेबलावर होमिओपॅथीच्या बाटल्यांत स्क्रू, फिल्मरोलच्या डब्यांत काटे आणि एका उपड्या पेल्याखाली कुणाचं तरी उघडं घड्याळ. "वरची किल्ली मिळेल हो. आतला स्टेम, म्हणजे दांडा, कुठून आणू? सरकारने 2016 मध्ये कंपनीच बंद करायचं ठरवलं. आता एचएमटीचा पार्ट एचएमटीतूनच काढायचा. तुम्ही डोनर बघा."

डोनर! मला एकदम दवाखान्याच्या बाकावर बसल्यासारखं झालं. त्यांनीच धीर दिला, "एचएमटीच्याच पायलट मॉडेलचं चालेल. जनता आणि पायलट आतून सख्खे भाऊ."

रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. पितळी नळ, एक पाय नसलेला स्टोव्ह आणि टीव्हीचे रिमोट यांच्या शेजारी ताडपत्रीवर घड्याळांचा ढीग होता. एक पायलट होतं, पोपटी तबकडीचं. असा रंग कारखान्याने पाहिलाही नसेल. जुन्या तबकड्या रंगवून चकाचक केलेल्या अशा घड्याळांना परदेशातले हौशी लोक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. मला तबकडीशी कर्तव्य नव्हतं.

"नुसती किल्ली काढून द्या," मी म्हणालो.

"किल्ली काढली तर उरलेलं घड्याळ कोण घेणार, साहेब?"

या तर्कापुढे मी गार झालो आणि आख्खं घड्याळ घेतलं. घड्याळजींनी ते उघडलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्याचाही दांडा तुटलेला होता. किल्ली फेविक्विकने चिकटवली होती.

पुढच्या रविवारी एक जनता सापडलं. "मागे नाव कोरलंय, म्हणून शंभर कमी," विक्रेता म्हणाला. शंभर रुपये वाचले या आनंदात मी मागे काय कोरलंय ते वाचलंच नाही.

या वेळी दांडा शाबूत होता. घड्याळजींनी दोन्ही जनता शेजारी शेजारी उघडली. मी श्वास रोखून बघत होतो. चिमट्याच्या टोकावर एक स्प्रिंग होती, पापणीच्या केसाएवढी. बारीक 'टिक' झालं आणि ती तिथे नव्हती.

"कुणी हलू नका!"

दुकानात आम्ही तिघे. मी, घड्याळजी आणि पट्टा बदलायला आलेले एक निवृत्त गृहस्थ. पुढची पंचवीस मिनिटं तिघेही मोझॅकच्या फरशीवर रांगत होतो. ती ठिपक्यांची फरशी घड्याळाच्या दुकानात बसवणाऱ्याला माझा नमस्कार. लोहचुंबक फिरवलं. त्याला तीन टाचण्या, एक शिवणाची सुई आणि कुणाचीतरी कानातल्याची फिरकी चिकटली. चुंबक घेऊन मी टेबलाकडे वळलो तशी घड्याळजींनी किंकाळीच फोडली, "लांब! बालकमानीत, म्हणजे आतल्या गुंडाळलेल्या बारीक स्प्रिंगमध्ये, चुंबक शिरलं तर वेढे एकमेकांना चिकटतात, घड्याळ पळत सुटतं!" शेवटी स्प्रिंग मिळाली ती गृहस्थांच्या स्वेटरवर. त्यांचा पट्टा त्या दिवशी फुकट झाला.

एवढ्या धांदलीत घड्याळ जोडून मिळालं. टिकटिक कशी, सेकंदाला पाच ठोके, खणखणीत.

सासरे आले. कानाला लावून ऐकलं, किल्ली दिली, घट्ट लागताच थांबले. चेहरा खुलला. मग घड्याळ उलटं करून चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "वाहतूक नियंत्रक, एस. टी., सेवानिवृत्तीनिमित्त सप्रेम भेट."

घड्याळजींनी झाकणं अदलाबदल केली होती.

"तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं," सासरे शांतपणे म्हणाले, "आणि रिटायर झालो एस. टी.तून. पेन्शन दोन्हीकडची मिळेल का, विचारा."

"बाबा, मी उद्याच झाकण बदलून आणतो."

"नको." त्यांनी घड्याळ स्वतःच्या मनगटावर बांधलं. "तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका."

परवा सासूबाईंचा फोन आला होता. सकाळचा चहा जरा मागेपुढे झाला, की हे मनगटाकडे बघून सांगतात, गाडी बारा मिनिटं लेट आहे.