तेराव्यानंतर रडायचं नाही, म्हणे!

गेल्या महिन्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता, तुमच्याकडेही आला असेल. सार असं: दुःखाचे पाच टप्पे असतात आणि ते क्रमानेच येतात, तेराव्यापर्यंत रडून घ्यावं, लहान मुलांना कळू देऊ नये, वर्षात सावरला नाही तो मनाचा कच्चा, आणि गेलेल्याचं नाव घरात काढू नये. शेवटी हात जोडलेले. कुणीतरी तो वहिनीलाही पाठवला. दादाला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

पाच टप्पे एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ मध्ये मांडले, तेही मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते पुढे लावले गेले, आणि ते ठरल्या क्रमाने येत नाहीत हे बाईंनीच नंतर सांगितलं. आमची वहिनी सकाळी बँकेच्या फॉर्मवर शांतपणे सही करायची, दुपारी बडोद्याच्या खंडेराव मार्केटात सुरण दिसलं की तिचे डोळे भरायचे, संध्याकाळी मुलाच्या बडबडीला खळखळून हसायची. हसली की बायका एकमेकींकडे बघत. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये हेच हेलकावे मांडलेत: माणूस दुःखाकडे जातो, तिथून कामाकडे, परत दुःखाकडे.

तेराव्याबद्दल माझी तक्रार नाही. बडोद्यात आपण मराठी लोकही बेसणं, म्हणजे गुजराती पद्धतीची शोकसभा, ठेवतो, चार ते सहा, पांढऱ्या कपड्यांत. माणसं येतात, बरं वाटतं. पण त्या तेरा दिवसांत वहिनीला रडायला सवड कुठे होती? चहाचे कपच विसळत होती. चौदाव्या दिवशी दारातल्या चपला कमी झाल्या आणि खरं सुरू झालं. तेव्हा उपयोगी पडल्या शेजारच्या बेन. दर मंगळवारी खिचडी-कढीचा डबा दारात ठेवायच्या, "डबो पछी लई जईश" (डबा नंतर नेईन) म्हणायच्या आणि निघायच्या. धीराचा एक शब्द नाही. चुलतभावाने मृत्यूची नोंद वेळेत केली (ती २१ दिवसांत करायची असते), दाखल्याच्या प्रती काढल्या, विमा आणि पेन्शनसाठी खेटे घातले. "काही लागलं तर सांग" म्हणणारे पुष्कळ होते, झेरॉक्सच्या दुकानात जाणारा हा एकच.

मुलांचं तर उलटंच. सहा वर्षांच्या भाच्याला कुणीतरी सांगितलं, "बाबा गावाला गेलेत." पुढे त्याचा मामा सुरतेला निघाला, तर पोरगा त्याच्या बॅगेवर बसला, उठेचना. गावाला जाणारा परत येत नाही, हे आपणच त्याला शिकवलेलं! शेवटी वहिनीने जवळ घेऊन सांगितलं, "बाबांचं हृदय बंद पडलं, ते वारले. आता येणार नाहीत." आठवडाभर रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. लहान मुलांना 'कायमचं' हे एकदम उमगत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा विचारतात. दुसऱ्या खेपेला मामा निघाला तेव्हा बॅग त्यानेच दारापर्यंत ओढत नेली.

आता 'मनाचा कच्चा'. लांबलेलं दुःख जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे: कमीत कमी सहा महिने टिकलेलं, रोजचं जगणं अडवणारं आणि त्या समाजात साधारण चालतं त्याहून फार जास्त. म्हणजे त्यावर उपचार करायचे, टोमणे मारायचे नाहीत. आणि कुणी जेवण टाकलं, 'मलाही जायचंय' म्हणू लागलं, तर सहा महिने मोजत बसू नका. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर फुकट आणि चोवीस तास चालू असते.

राहिलं नाव न काढण्याचं. दादाच्या वाढदिवसाला वहिनीच म्हणाली, सेव-उसळ खायला जाऊ. दादाची स्कूटर ती दर रविवारी चालू करून ठेवते, तीच काढली. गाडीवाल्यापुढे भाचा टाचा उंचावून म्हणाला, "बाबांसारखी, तरी जास्त." दोन घासांत नाकातून पाणी आलं त्याच्या. प्लेट काही सोडली नाही.